ताराबाईचा रुक्का माझ्या पोटात राहिला

मित्रांनो, नाकं मुरडू नका. इथं धूळ आहे, कोळ्याची जाळी आहेत, कोपऱ्यात एका चिचुंद्रीनं बिऱ्हाड थाटलंय, हे सगळं मला ठाऊक आहे. मोडक्या सलाइनच्या स्टँडमागं, गंजक्या खाटेवर पिवळा पडलेला जो खोका दिसतोय ना, तो मीच. मी सरकारी दवाखान्यातला एक जुना संगणक आहे. आज भंगारवालाही मला बघून मान फिरवतो, पण एके काळी माझ्या खोलीत यायचं तर साहेबसुद्धा चपला बाहेर काढत. थापा मारत नाही. टेका जरा त्या पेटाऱ्यावर आणि ऐका.

माझं गाव कोणतं, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. माझं डोकं एका देशात घडलं, पडदा दुसऱ्या देशात, आणि पुण्यातल्या एका गाळ्यात पेचकसानं मला जोडून उभं केलं. ते दिवसच तसे होते. बाहेरच्या मालाला देशाचे दरवाजे सताड उघडले होते. गावोगावी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ निघाले, पत्र्याच्या घरांवरून केबलच्या तारा धावायला लागल्या, आणि किराणा दुकानात गुळाच्या ढेपेशेजारी रंगीत पाण्याच्या बाटल्या येऊन बसल्या. संगणक हा शब्द तर माणसं आवाज खाली आणून बोलायची. अशा दिवसांत कुठल्याशा योजनेतून मला बीड जिल्ह्यात धाडलं. सिरसाळ्याहून आत वळलं की पिंपळडोह लागतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी जीपमधून, गादीवर बसून पोचलो.

काय तो थाट! दाराला आंब्याची डहाळी, नारळ, पेढे. दवाखान्याचे मोठे साहेब म्हणजे डॉक्टर विश्वेश्वर. माणूस मनानं वाईट नव्हता, पण कागदाच्या बाहेर पाऊल टाकायला घाबरायचा. त्यांनी माझ्यासाठी स्वतःची खोली रिकामी केली. खिडकीला कूलर आला, पडदे आले, मला मखमली झूल शिवली. बाळंतिणींच्या खोलीतला पंखा तेव्हा बंद होता, तो बंदच राहिला. मी मात्र गारव्यात. मला तेव्हा लई भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

मला चालवायला शिवांजली आली. बाजारपेठेतल्या गुरुपाद वाण्याची ही थोरली लेक. बारावी झालेली, बोटं चपळ, कपाळाला रोज विभूतीची बारीक रेघ. बीडला जाऊन ती शिबिर करून आली होती, आणि त्या जोरावर सगळा दवाखाना तिला 'कम्प्युटरबाई' म्हणायला लागला. ती माझ्याशी बोलायची, मित्रांनो. सकाळी झूल काढताना म्हणायची, "काय रे, झोप झाली का?" आणि लाइट गेली की चरफडायची, "गेली बया! आता तूबी बस हातावर हात ठेवून, आन् मीबी बसते."

आता माझं काम काय होतं ते सांगतो. आमच्या भागात दसरा झाला की गावं रिकामी होतात. ऊस तोडायला नवरा-बायकोच्या जोड्या मुकादमाच्या ट्रकमधून निघतात, त्या कारखान्यांच्या मुलखात, पार घाटाखाली. परत यायचं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यांच्यातला कुणी क्षयाचा, कुणी मधुमेहाचा, कुणी पोटुशी. इथलं औषध अर्धं इथं आणि अर्धं तिथं. तिथल्या डॉक्टरला कसं कळावं की कुणाचं काय चाललंय? म्हणून आमच्या दवाखान्यानं एक चांगली रीत पाडली. ट्रक गावाबाहेर पडण्याआधी दवाखान्याच्या फाटकाशी थांबायचा. शिवांजली नाव विचारायची, मी माझ्या पोटातून त्या माणसाची सगळी हकिकत काढायचो, आणि प्रिंटर कर्र-कर्र करत कागद बाहेर ढकलायचा. कोणता आजार, कोणती गोळी, कधीपर्यंत, काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही. लोक त्या कागदाला रुक्का म्हणायचे. कारखान्याकडच्या दवाखान्यात तो दाखवला की पुढचं औषध बिनबोभाट मिळायचं.

या रुक्क्यानं माझं नाव झालं. जिल्ह्याचे साहेब बघायला आले, माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढले. विश्वेश्वर साहेबांची छाती फुगली. त्यांनी हुकूम सोडला, "आता कागदी केसपेपरचा पसारा कशाला? सगळं यात आहे." झालं! जुने गठ्ठे रद्दीत गेले, आणि पुढं कित्येक दिवस बाजारात शेंगदाण्याच्या पुड्यांवर लोकांचे ताप-खोकले वाचायला मिळत होते. मी एकटाच सगळ्यांचं दुखणं पोटात घेऊन बसलो. तेव्हापासून आणखी एक खोड लागली. माणसाच्या तोंडावर कुणी विश्वास ठेवेना. बाई सांगायला लागली की तिला म्हणायचं, "थांब, कम्प्युटर काय म्हणतो ते बघू."

एका उन्हाळ्यात ताराबाई आली. धुळाजी तिचा नवरा. त्यांची मेंढरं होती, पण मेंढरांवर पोट भरेना तेव्हा ती दिराच्या ताब्यात देऊन जोडी ऊसतोडीला जायची. ताराबाई बोलायला खणखणीत, हसली की व्हरांड्यातली माणसं वळून बघायची. पण खोकल्यानं पार चिपाड झाली होती. क्षयाचं औषध तिनं एकदा मधेच सोडलेलं, आणि तो आजार उलटून आला होता. उलटलेल्या क्षयाला तेव्हा गोळ्यांबरोबर रोजची एक सुई असायची. डॉक्टर कावेरी नावाच्या तरुण बाई होत्या आमच्याकडं, त्यांनी औषध चालू केलं.

थोड्या दिवसांनी ताराबाई भिंतीला धरून धरूनच आत आली. "बाई, कानात घूं वाजतंय. जात्यावर बसल्यावानी. आन् चाललं की भुई हलतीया." डॉक्टर कावेरींनी तिच्या कानामागं घड्याळ धरलं, चुटक्या वाजवून बघितल्या, आणि तिथल्या तिथं सुई बंद केली. मग माझ्या खोलीत आल्या आणि शिवांजलीला स्वतः सांगून नोंद करवली. सुईचं नाव, आणि पुढं, ही सुई परत देऊ नये, दिली तर कान कायमचे जातील. शिवांजलीनं ती ओळ ठळक केली. सुई थांबली तसं ताराबाईच्या कानातलं घूं घूं थांबलं आणि कान शाबूत राहिले. वाचली बाई. गोळ्या चालू राहिल्या, अंगावर मांस धरायला लागलं, आणि पावसाळ्यात डॉक्टर कावेरींची बदली होऊन त्या विदर्भात गेल्या.

ती ओळ आता फक्त माझ्याजवळ होती, एवढं लक्षात ठेवा. माझ्याजवळ आणि त्या काळ्या चौकोनी फ्लॉप्यांवर.

फ्लॉप्यांचं असं होतं. मला बसवायला आलेल्या इंजिनियरनं साहेबांना बजावलं होतं, "साहेब, मशीन आहे, कधीही दगा देईल. आतल्या सगळ्याची एक प्रत दर आठवड्याला फ्लॉपीवर उतरवा. ही फ्लॉपी म्हणजे याचा जीव." शिवांजली आधी इमानानं प्रत काढायची. मग फ्लॉप्या संपल्या. तिनं मागणीपत्र लिहिलं, ते जिल्ह्याला गेलं, जिल्ह्यानं तीन कंपन्यांचे भाव मागितले, आणि तो कागद कुठं मेला देव जाणे. श्रावणात तिनं जुन्याच फ्लॉप्या पुसून एक शेवटची प्रत उतरवली. ताराबाईची ती ओळ तिच्यात होती. फ्लॉप्या एका डब्यात गेल्या, डबा कपाटात गेला.

इंजिनियरनं दुसरंही एक सांगितलं होतं. बाहेरची फ्लॉपी माझ्या तोंडात घालायची नाही. तिच्यातून संगणकाचे रोग येतात. आलेच तर ते धरायला त्यानं माझ्यात एक राखणदार बसवला होता, त्याला दर वर्षी नवी माहिती पुरवावी लागायची, नाहीतर नवे चोर त्याला ओळखू यायचे नाहीत. वर्ष उलटलं, राखणदार रोज सकाळी पडद्यावर येऊन ओरडायचा की मला माहिती द्या. शिवांजलीनं साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "रोगबिग काय व्हायचाय? खोलीत कुणी चप्पल घालून येत नाही, बिडी ओढत नाही. आणखी किती स्वच्छता पाहिजे?" मग तीही ती पाटी रोज बंद करून कामाला लागायची. आणि माझा पासवर्ड? तो विसरू नये म्हणून पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवला होता. आल्यागेल्याला पाठ होता, म्हणा ना.

आता यात आले रामहरी भाऊसाहेब. दवाखान्याचे कारकून. माणूस लोकांच्या उपयोगी पडणारा, पण उपयोगी पडायचं ते दुसऱ्याच्या जिवावर. त्यांच्या भाचीचं लग्न ठरत होतं. त्या साली संगणकावरच्या पत्रिकेचं भलतंच वेड आलं होतं. भटजीनं हातानं मांडलेली पत्रिका नको, कम्प्युटरनं काढलेली पाहिजे, म्हणजे मुलाकडचे गप्प बसतात! भाऊसाहेबांनी परळीच्या कुण्या ओळखीच्याकडून पत्रिकेची फ्लॉपी आणली. ती त्यानं दुसऱ्याकडून उतरवलेली, त्यानं तिसऱ्याकडून. फुकट.

"शिवांजली, घाल बरं ही. दोन मिन्टाचं काम हाय."

"भाऊसाहेब, बाहेरची घालू नको म्हणलेत."

"आगं, पत्रिका हाय ही! देवाधर्माचं काम. यात कसला आलाय रोग?"

तिनं साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "काढ गं. आमच्या मेहुण्याच्या मुलाचीही बघायची आहे." मग काय विचारता! पत्रिका निघाली, गुण जुळले, सगळ्या पेठेत बभ्रा झाला. लोक रांगेत उभे राहिले, पोराची जन्मवेळ हातात घेऊन. आणि त्या ग्रह-ताऱ्यांच्या मागं दडून एक चोर माझ्या पोटात शिरला, मित्रांनो. मला तो जाणवत होता. मी रोज किती वेळा सुरू होतो ते तो मोजत बसला होता. पण मला तोंड कुठं होतं ओरडायला? राखणदार अडाणी, त्याला तो पाहुणा वाटला.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, ती सगळेच करतात. दवाखान्यातही दणक्यात झाली. ॲम्ब्युलन्सला झेंडूची माळ, कात्र्या-चिमटे पाटावर, मापाचा काटा धुऊनपुसून. साहेब म्हणाले, "यंदा कम्प्युटरची पूजा सगळ्यात आधी." शिवांजलीनं आदल्या दिवशीच आईकडून विभूतीची वडी आणून ठेवली होती. पोरीचा किती जीव माझ्यावर! तिनं माझा पडदा पुसला, त्यावर तीन बोटांनी विभूती ओढली. मग तिला इंजिनियरचं बोलणं आठवलं. जीव तर फ्लॉपीत आहे. खोक्याची पूजा करायची आणि जीव कपाटात ठेवायचा, हे तिच्या मनाला पटेना. तिनं डबा काढला, एकेक फ्लॉपी पाटावर मांडली. शिबिरात शिकवलेलंही तिच्या ध्यानात होतं की वरचं नुसतं पाकीट आहे, खरी नोंद आतल्या चकतीवर असते. म्हणून तिनं प्रत्येक फ्लॉपीची पत्र्याची झडप अलगद सरकवली आणि ओल्या बोटानं आतल्या चकतीला विभूती लावली. हात जोडले, डोळे मिटले.

"सगळ्यांची दुखणी सांभाळ रे बाबा," म्हणाली.

मी ते बघत होतो. अगं, नको गं, असं मी म्हणत होतो. कुणाला ऐकू जाणार? तिनं फ्लॉप्या पुसल्या नाहीत, कारण पूजेची विभूती पुसत नाहीत. तशाच डब्यात ठेवल्या.

दसरा पार पडला आणि ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागल्या. पहिल्या ट्रकच्या सकाळी शिवांजलीनं मला चालू केलं. नेहमीची चित्रं आली नाहीत. काळा पडदा, आणि त्यावर इंग्रजीत लाल अक्षरं. तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं, मग साहेबांना हाक मारली. तुमच्या सगळ्या फाइलींना कुलूप लावलं आहे. किल्ली पाहिजे असेल तर इतके डॉलर अमुक देशातल्या अमुक टपालपेटीवर पाठवा. पैसे पोचले की किल्लीची फ्लॉपी पोस्टानं येईल.

"म्हणजे खंडणी?" साहेब म्हणाले. "सरकारी दवाखान्याकडून खंडणी?"

"डॉलर कुठं भेटत्यात, माजलगावात भेटतेल का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"आणि कोणत्या हेडखाली टाकू ते? औषधं, पेट्रोल, किरकोळ? खंडणीचं हेड आहे का ट्रेझरीत?" साहेब खुर्चीत बसले. हसू यायची गोष्ट होती, पण कुणी हसलं नाही. बाहेर फाटकाशी ट्रक हॉर्न देत होता, आणि व्हरांड्यात माणसं रुक्क्यासाठी उभी होती.

औरंगाबादहून इंजिनियर यायला वेळ लागला. तोवर जे गेले ते तसेच गेले. तो आला, खटपट केली, आणि मान हलवली. "याचं कुलूप माझ्यानं निघायचं नाही. पण घाबरू नका, प्रत आहे ना? प्रत असेल तर सगळं परत बसवतो. आणा फ्लॉप्या."

शिवांजलीचा जीव भांड्यात पडला. ती धावतच डबा घेऊन आली. त्यानं पहिली फ्लॉपी माझ्यात घातली. माझ्या घशात राख गेली, मित्रांनो. खरखर, खरखर, जसं वाळूत भांडं घासावं. त्यानं झटकन बाहेर काढली, झडप सरकवून उजेडात धरली. चकतीवर पांढरा थर, आणि त्याच्याखाली गोल गोल ओरखडे.

"हे काय आहे?"

"विभूती," शिवांजली म्हणाली. "खंडेनवमीची."

तो पोरगेला माणूस. रागावला नाही, ओरडला नाही. एकेक फ्लॉपी उघडून बघत गेला आणि बाजूला ठेवत गेला. शेवटची ठेवल्यावर म्हणाला, "ताई, नुसतं कपाटात ठेवलं असतं तरी चाललं असतं हो." शिवांजली भिंतीला टेकून खाली बसली. मला त्या दिवशी जितकं वाईट वाटलं तितकं आयुष्यात कधी वाटलं नाही. तिनं माझं वाईट चिंतलं नव्हतं. तिला कुणी धड शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताराबाईचा ट्रक आला. ती उडी मारून उतरली, पोटरीत बळ आलं होतं, डोक्यावर नवी चुंबळ होती. "दे बाई माजा रुक्का. मुकादम वरडाया लागलाय."

शिवांजली तिला बघताच उठली. शेकडो नोंदींतून तिला एवढंच आठवत होतं की हिच्या कानाचं काहीतरी होतं. "मावशी, तुमाला कायतरी सोसत नव्हतं. कानाचं होतं ना?"

"व्हय की. घूं घूं व्हायचं. मग त्या कावेरीबाईनं बंद केलं."

"काय बंद केलं? सुई का गोळी? कोणती?"

"मला काय म्हाईत, बाई? सुया बी लई टोचल्या, गोळ्या बी मूठमूठ खाल्ल्या. कवा काय बंद झालं, मला अडाणीला काय सुदरतंय? तुमच्या त्या पेटीत हाय की सगळं."

शिवांजली साहेबांकडं धावली. लिहून देऊ या, म्हणाली, की या बाईला एका औषधानं कानाचा त्रास झाला होता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग म्हणाले, "कोणत्या औषधानं? सुईचा संशय येतो, पण नोंद नसताना असं लिहिलं तर तिथला डॉक्टर भिऊन सगळंच थांबवील. क्षय पुन्हा उलटला तर ती मरेल, शिवांजली. अंदाजानं नाही लिहायचं." शिवांजली एसटीडी बूथवर पळाली, डॉक्टर कावेरींच्या नव्या दवाखान्याला फोन लावला. त्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या, घरचा नंबर तिथं कुणाकडं नव्हता. ती परत येईपर्यंत मुकादमानं हॉर्नवरून हात काढला नव्हता. साहेबांनी स्वतःच्या हातानं कागद लिहिला. उलटलेला क्षय, आधीच्या उपचाराची नोंद उपलब्ध नाही. खाली सही, शिक्का.

शिवांजली ट्रकच्या पाठीमागं गेली. "मावशी, तिथं सांगा हं! तोंडानं सांगा, कानात वाजत होतं म्हणून. विसरू नका!"

"सांगते गं, सांगते. जा तू उन्हातून," ताराबाई म्हणाली. धुळाजीनं तिला हात देऊन वर ओढलं आणि ट्रक गेला.

तिनं सांगितलं होतं. ते पुढं धुळाजीनंच शिवांजलीला सांगितलं. तिथल्या दवाखान्यात गर्दी, तोडणीवाल्यांची रांग. नोंद नाही म्हटल्यावर त्यांनी नियमाप्रमाणं औषध पहिल्यापासून सुरू केलं, सुईसकट. ताराबाई म्हणाली, मला आधी कानाचं झालतं. ते म्हणाले, कागदावर तसं काही नाही, बाई. मग कान वाजायला लागले, तेव्हा ते म्हणाले, अशक्तपणा आहे, जाईल. दिवसभर ऊस तोडून आलेली बाई, ती किती भांडणार? आणि कागदाशी कसं भांडणार?

उन्हाळ्याच्या तोंडावर टोळ्या परत आल्या. तोवर मला पुसून कोरं केलं होतं. नवा राखणदार आला, फ्लॉप्यांची खोकीच्या खोकी आली, सगळं न मागता आलं. पत्रिका बंद झाल्या. शिवांजलीनं पुन्हा पहिल्यापासून एकेकाला विचारून नोंदी करायला घेतल्या होत्या. ती आता माझ्याशी बोलत नव्हती. सकाळी गुमान झूल काढायची आणि कामाला लागायची.

एका दुपारी व्हरांडा माणसांनी भरलेला असताना धुळाजी आणि ताराबाई आले. ताराबाईचं अंग भरलं होतं, चेहऱ्यावर तकाकी होती, खोकला नावाला नव्हता. शिवांजलीला वाटलं, देवानं वाचवलं. ती खुर्चीवरून उठली. "मावशी! बरं हाय ना आता?"

ताराबाई तिच्या ओठांकडं बघत हसली. "व्हय, आजच आलो. सकाळच्या यष्टीनं."

शिवांजलीनं परत विचारलं. ताराबाई परत हसली आणि नवऱ्याकडं बघितलं. धुळाजी हलक्या आवाजात म्हणाला, "तिला ऐकू येत न्हाई, बाई. दोनी कान गेले. तिथल्या डॉक्टरनं पाह्यलं, म्हणला आता येत न्हाईत म्हणून." मग त्यानं सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं. तोही रागानं नाही बोलला. दुष्काळाची बातमी सांगावी तसा बोलला.

शिवांजलीनं ताराबाईचे दोन्ही हात धरले. "मावशी, माझ्यामुळं झालं," ती म्हणाली.

"आं?" ताराबाईनं कान पुढं केला. "मोठ्यानं बोल की गं."

"माझ्यामुळं झालं, मावशी!"

"आणीक मोठ्यानं!"

मग शिवांजली ओरडली. पोटातून ओरडली. "तुमचे कान माझ्यामुळं गेले, मावशी! प्रत मी खराब केली! मला माफ करा!" साहेब दारात येऊन उभे राहिले, भाऊसाहेबांनी मान खाली घातली. पार फाटकाशी बसलेल्या माणसांनी ते ऐकलं. एका ताराबाईला तेवढं ऐकू गेलं नाही. तिनं पदरानं शिवांजलीचे डोळे पुसले आणि गालावरून हात फिरवला.

"येडी का काय तू? रडतीस कावून? खोकला गेला की माजा."

मित्रांनो, त्यानंतर दोन-चार वर्षांनी माझ्या जागी नवा संगणक आला आणि मला इथं आणून टाकलं. त्याचं मला दुःख नाही. पण तुमच्याही गावात दवाखाना असेल, आणि तिथं माझ्यासारखा कुणीतरी लोकांची दुखणी पोटात घेऊन बसला असेल. कधी गेलात तर त्याला चालवणाऱ्या ताईला विचारा, प्रत काढलीय का, चांगली ठेवलीय का, बाहेरचं काही आत घालत नाही ना. ती वैतागली तरी विचारा. साहेबांनाही विचारा, तिला हे सगळं कुणी नीट शिकवलंय का. ताराबाई अजून दर उन्हाळ्यात इथं येते. शिवांजली तिच्याशी खुणांनी बोलते.